अमेरिकेचे 'नोआ' हवामान उपग्रह बंद झाले. आता शाळेच्या गच्चीवरून हवामानाचे चित्र कसे उतरवावे?

फळा_आणि_खडू

नमस्कार. मी संगमनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ढगांचे चित्र उपग्रहाकडून थेट आपल्या अँटेनावर उतरवून आठवी-नववीच्या मुलांना दाखवावे, असे गेले वर्षभर माझ्या मनात होते. दिवाळीच्या सुट्टीत मी आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ-ग्राहक) आणि त्याच्यासोबत मिळणारी छोटी अँटेना मागवली. विक्रेत्याच्या पत्रकावर 'नोआ-१५, १८ व १९ या उपग्रहांची चित्रे घरबसल्या मिळवा' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. त्यावर विसंबून मी तीन रविवार गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसले, १३७.६२० मेगाहर्ट्झवर लावून वाट पाहिली, पण पडद्यावरच्या वॉटरफॉलमध्ये, म्हणजे संकेत दाखवणाऱ्या सरकत्या रंगीत आलेखात, निळ्या रंगाखेरीज काहीही उमटले नाही. चौथ्या रविवारी कळले की, हे उपग्रह आता प्रक्षेपणच करत नाहीत.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या डोंगलवर आता भारतातून कोणत्या उपग्रहाचे चित्र मिळू शकते? आणि मुलांच्या हातून बनेल अशी अँटेना कोणती? शाळेकडे यासाठी वेगळा निधी नाही. गच्ची मोकळी आहे, दक्षिणेला बाळेश्वराची डोंगररांग दिसते आणि वीज दुपारी अनेकदा जाते.

दक्षिणोत्तर

ताई, यात तुमच्याकडून काहीही चुकलेले नाही. नोआ-१८ हा ६ जून २०२५ रोजी, नोआ-१९ हा १३ ऑगस्टला आणि नोआ-१५ हा १९ ऑगस्टला बंद करण्यात आला. इंटरनेटवरचे बहुतेक मार्गदर्शन त्याआधीचे आहे, त्यामुळे तुमच्यासारखे अनेक जण आजही रिकाम्या वारंवारतेवर कान लावून बसतात. नोआ-१५ मे १९९८ मध्ये उडाला होता, म्हणजे त्याने सत्तावीस वर्षे काम केले.

तुमचे डोंगल मात्र वाया गेलेले नाही. रशियाचे मेटिओर-एम एन२-३ आणि एन२-४ हे दोन उपग्रह त्याच १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चित्रे पाठवतात. पहिला जून २०२३ मध्ये सोडला गेला आणि दुसरा फेब्रुवारी २०२४ मध्ये. १३७.९ मेगाहर्ट्झवर आधी पाहा; तिथे काही नसेल तर १३७.१ पाहा, कारण मधूनमधून वारंवारता बदलली जाते. एन२-४ चा संकेत अधिक जोरकस असल्यामुळे सुरुवात त्याच्यापासून करावी. नोआच्या चित्रात एक ठिपका सुमारे चार किलोमीटरचा असे, मेटिओरमध्ये तो सुमारे एक किलोमीटरचा असतो. त्यामुळे मुलांना उजनीचा जलाशय ओळखता येईल.

वेधशाळावेडा

नोआच्या जाण्याने जे गेले त्याबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या उपग्रहांचा संकेत एपीटी पद्धतीचा, म्हणजे अ‍ॅनालॉग होता आणि तो कानाने ऐकू येत असे. दर सेकंदाला चित्राच्या दोन ओळी येत आणि स्पीकरमधून घड्याळाच्या लंबकासारखा टिक-टॉक असा ठोका पडत राही. उपग्रह क्षितिजावर आला की आधी खरखर, मग खरखरीतून वर येणारा तो ठोका, आणि दहा-बारा मिनिटांनी पुन्हा खरखर. माझ्या वडिलांना डोळ्यांनी फारसे दिसत नसे, पण ठोका स्पष्ट झाला की ते आतल्या खोलीतून 'आला रे' असे सांगत.

या पद्धतीचे आपल्या भूमीशी जुने नाते आहे. एपीटी प्रथम डिसेंबर १९६३ मध्ये सोडलेल्या टायरॉस-८ या उपग्रहावर चालवून पाहिली गेली. त्या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम सुरू होती आणि तिचे हवामान केंद्र मुंबईत कुलाब्याला होते. पावसाळी वाऱ्यांच्या अभ्यासासाठी तिथे उपग्रहाची एपीटी चित्रे थेट उतरवून घेतली जात. जे काम तेव्हा मोठ्या यंत्रसामग्रीने होत असे, ते पुढे बोटभर डोंगलवर शाळकरी मूल करू लागले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

सरळ_प्रश्न

सर्वांच्या उत्साहाचा आदर राखून एक शंका मांडतो. इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस या आपल्या उपग्रहांची चित्रे हवामान विभागाच्या आणि इस्रोच्या मोसडॅक या संकेतस्थळावर प्रत्येक उपग्रहामागे दर अर्ध्या तासाने, विनामूल्य येतात. ती अधिक नेटकी असतात, भारत बरोबर मध्यभागी असतो आणि फोनवर दोन टिचक्यांत उघडतात. असे असताना शिक्षिकेने महिनाभर खटपट करून दिवसातून दोन-तीन वेळाच येणारे आणि पट्ट्यापट्ट्यांनी तुटलेले चित्र का उतरवावे? मुलांना ढग शिकवायचे असतील, तर ढगांवर वेळ घालवावा, असे माझे मत आहे.

दर्याकाठी

सरळ_प्रश्न, मी रत्नागिरीजवळच्या एका वाडीत राहतो. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या समोरून उत्तरेला सरकत होते. सकाळीच वीज गेली होती, दुपारी मोबाइलचे मनोरे एकामागून एक बंद पडले आणि संध्याकाळपर्यंत इंटरनेट, टीव्ही, फोन यांपैकी काहीही उरले नव्हते. माझा मोठा भाऊ मासेमारीच्या बोटीवर असतो. इशारे आधीच आले होते म्हणून बोट चार दिवसांपूर्वीच बंदरात आणून बांधलेली होती, पण वादळ आता नेमके कुठवर आले आहे, हे घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हते.

छपरावरची अँटेना मी आदल्या दिवशी उतरवून ठेवली होती. दिवेलागणीच्या सुमारास पाऊस थोडा थांबला आणि नोआ-१५ ची वेळ झाली, तेव्हा अँटेनाची काठी मी खळ्यातल्या तुळशीवृंदावनाला सुंभाने बांधली आणि लॅपटॉप पडवीत घेऊन बसलो. बॅटरी एक्केचाळीस टक्के होती. माडांच्या झापांचा आवाज इतका होता की, स्पीकरचा ठोका ऐकू येईना, पण पडद्यावर ओळ ओळ करून चित्र उमटू लागले. अवरक्त चित्रात अरबी समुद्रावर पांढरा भोवरा दिसला, त्याचा पूर्वेकडचा हात आमच्या किनाऱ्यावरून गेलेला होता आणि मध्य समुद्रात पश्चिमेला होता. भावाने काहीही न बोलता पडद्यावर बोट ठेवून किनारा आणि तो मध्य यांच्यातले अंतर विती-विती मोजले. मग आईला म्हणाला, 'घरावर येत नाही. बाहेरून चालले आहे.' आई तेव्हा कुठे भाताच्या पातेल्याकडे वळली.

दुसऱ्याच्या संकेतस्थळावरचे चित्र त्या संध्याकाळी आमच्यासाठी अस्तित्वातच नव्हते. उपग्रह मात्र डोक्यावरूनच जात होता.

सरळ_प्रश्न

दर्याकाठी, आपला अनुभव वाचून मी माझे म्हणणे बरेचसे मागे घेतो. एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवायला हवी. एका चित्रावरून वादळ कुठे आहे ते कळते, ते पुढे कुठे वळेल ते कळत नाही. त्यासाठी रडार, समुद्रावरची निरीक्षणे आणि गणिती प्रारूपे लागतात. म्हणून स्वतः उतरवलेले चित्र हाती असले, तरी हवामान विभागाचा इशाराच प्रमाण मानावा, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.

दर्याकाठी

हे अगदी बरोबर आहे. बोट चार दिवस आधी बांधली गेली, ती इशाऱ्यामुळेच.

गडगडाट

आणि कृपा करून विजा चमकत असताना उघड्यावर अँटेना लावू नका. त्या संध्याकाळी तुमचे निभावले याचा आनंद आहे, पण शाळेत हा धोका पत्करता येणार नाही. वैशाखातल्या वळिवाच्या दिवसांत आमच्या गल्लीत टीव्हीच्या एका अँटेनावर वीज पडली होती; तिची केबल भिंतीत जिथे शिरत होती तिथला गिलावा हातभर उडाला होता. आभाळ भरून आले की केबल लॅपटॉपपासून काढून गच्चीबाहेर सोडायची आणि मुलांना खाली न्यायचे, हा नियम लिहून गच्चीच्या दारावर लावावा.

तांब्याची_तार

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण अँटेना हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

मुलांच्या हातून बनेल अशी सर्वांत सोपी अँटेना म्हणजे व्ही-आकाराची दुभंगी, म्हणजे व्ही-डायपोल. १३७.९ मेगाहर्ट्झची लहर सुमारे २१७ सेंटिमीटर लांबीची असते, तिचा चौथा भाग होतो ५४ सेंटिमीटर, आणि धातूच्या सळईत लांबी किंचित कमी लागते म्हणून प्रत्येक भुजा ५३ सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी. हे गणित नववीच्या मुलांकडूनच करून घ्यावे. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागताना त्यांना प्रथमच कळेल की, पुस्तकातले सूत्र करवतीने कुठे कापायचे तेही सांगते. दोन भुजांमधला कोन १२० अंश ठेवावा. कोन पुठ्ठ्यावर कोनमापकाने आखून घ्यावा आणि त्यावर सळया ठेवून लाकडी पट्टीवर पक्क्या कराव्यात.

सळया अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या, चार ते सहा मिलिमीटर जाडीच्या चालतील. वायरमनच्या दुकानात मिळणारी स्क्रूची कनेक्टर पट्टी मध्यभागी लावावी. एका भुजेला केबलची आतली तार आणि दुसरीला बाहेरची जाळी जोडावी. संपूर्ण अँटेना जमिनीला समांतर आडवी राहिली पाहिजे आणि व्हीचे तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे असले पाहिजे, कारण हे उपग्रह ध्रुवावरून ध्रुवाकडे जातात. पीव्हीसी पाइपावर दीड मीटर उंच बांधावी आणि पत्र्याच्या छपरापासून दूर ठेवावी.

उपग्रहाचा संकेत वर्तुळाकार ध्रुवित असतो, म्हणजे त्याची लहर गोल फिरत पुढे येते, आणि आडव्या सरळ सळयांना त्यातली अर्धीच शक्ती मिळते. ही अर्धी शक्तीही पुरेशी होते. पीळ दिलेली चौतारी अँटेना, जिला क्यूएफएच म्हणतात, ती क्षितिजाजवळही चांगले काम करते, पण तिची मापे काटेकोर असतात आणि पहिल्याच प्रयत्नात मुले हिरमुसतात. मी स्वतः पहिली क्यूएफएच बनवताना पीळ उलट्या दिशेने दिला होता आणि दोन महिने दोष केबलमध्ये शोधत राहिलो. म्हणून आधी व्ही, आणि मुलांना गोडी लागली की पुढच्या वर्षी क्यूएफएच.

नवखा_१३७

डिशटीव्हीची जुनी केबल घरात पडून आहे, ती चालेल का? सगळीकडे ५० ओहमचीच केबल घ्या असे लिहिलेले असते.

तांब्याची_तार

चालेल. ती ७५ ओहमची असते आणि त्या फरकामुळे होणारे नुकसान केवळ ऐकण्याच्या कामात जाणवत नाही. दहा मीटरच्या आत ठेवा आणि टोकाचा जोड कोरडा राहील असे पाहा. पावसाचे पाणी जाळीत शिरले की केबल हळूहळू निकामी होते.

मनोऱ्याशेजारी

पूर्वीच्या काही धाग्यांत 'सर्वांत आधी एलएनए (क्षीण संकेत वाढवणारा अँप्लिफायर) विकत घ्या' असा सल्ला दिलेला आहे. त्याच्याशी मी सहमत नाही आणि त्याचे कारण माझ्या खिडकीतून दिसते. घरापासून एक किलोमीटरवर एफएमचा मनोरा आहे. एफएम वाहिन्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर असतात, म्हणजे १३७ पासून फार दूर नाहीत, आणि त्यांचा जोर उपग्रहाच्या कैक पटींनी अधिक असतो. मी एलएनए लावला तेव्हा त्याने उपग्रहासोबत एफएमलाही वाढवले, डोंगल बधिर झाले आणि पूर्वी दिसत होता तो संकेतही नाहीसा झाला. त्यानंतर अँटेना आणि एलएनए यांच्या मध्ये फिल्टर लावला आणि चित्र काचेसारखे स्वच्छ आले.

संगमनेरच्या खेड्यात असा मनोरा जवळ नसेल, तर ताईंना सुरुवातीला यांपैकी काहीच लागणार नाही. त्यापेक्षा शाळेतले एलईडी दिवे, स्वस्त मोबाइल चार्जर आणि सोलरचा इन्व्हर्टर यांच्याकडे लक्ष द्यावे. वॉटरफॉलवर ठरावीक अंतराने उभ्या रेघा दिसल्या, तर एकेक उपकरण बंद करून पाहावे. आमच्या घरी शेवटी दोषी ठरला तो मासे ठेवलेल्या काचेच्या टाकीचा पंप. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला तरी पुष्कळ फरक पडतो. म्हणजे दुपारी वीज जाणे हे या कामापुरते तुमच्या बाजूचे आहे.

चाकणचा_अभियंता

सॉफ्टवेअरबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सॅटडंप हे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे; डोंगलकडून संकेत घेणे, तो उलगडणे आणि चित्र तयार करणे ही तिन्ही कामे ते करते. त्यात मेटिओर एलआरपीटी ७२के हा पर्याय निवडावा. मेटिओरचा संकेत डिजिटल आहे, त्यामुळे वेधशाळावेडा यांनी लिहिलेला ठोका इथे ऐकू येणार नाही. कानाला तो नुसता सळसळाट वाटतो. डोळ्यांना मात्र वॉटरफॉलवर सुमारे १२० किलोहर्ट्झ रुंदीचा सपाट उजळ पट्टा दिसतो. उपग्रह येताना तो पट्टा वारंवारतेच्या किंचित वर असतो आणि जाताना किंचित खाली सरकतो. हा डॉप्लर परिणाम आहे, आणि १३७ मेगाहर्ट्झवर तो दोन्ही बाजूंना साधारण तीन किलोहर्ट्झ इतकाच असल्याने सॉफ्टवेअर त्याला सांभाळून घेते. रेल्वेच्या शिट्टीचे उदाहरण आपण वर्षानुवर्षे फळ्यावर देतो. इथे तोच परिणाम मुले पडद्यावर तिरप्या रेषेत पाहू शकतील.

डिजिटल संकेताचा एक स्वभाव लक्षात ठेवावा. नोआचा संकेत क्षीण झाला की चित्र दाणेदार होत जाई, पण काही ना काही दिसत राही. मेटिओरचा संकेत एका मर्यादेखाली गेला की त्या ओळी सरळ काळ्या पडतात. त्यामुळे गेन, म्हणजे डोंगल संकेत किती वाढवते ते, योग्य ठेवणे महत्त्वाचे आहे. तो सर्वांत वर नेऊन ठेवू नये. एकेक पायरी चढवत जावे आणि संकेत व खरखर यांच्यातले अंतर जिथे सर्वाधिक दिसेल तिथे थांबावे.

पहिल्या काही दिवसांत कच्चा संकेतही नोंदवून ठेवावा, म्हणजे मांडणीत चूक झाली तरी नंतर पुन्हा उलगडता येतो. सेकंदाला १०.२४ लाख नमुने आणि प्रत्येक नमुन्याचे दोन बाइट धरले, तर दहा मिनिटांत सव्वा गिगाबाइटच्या आसपास जागा लागते. डिस्क आधी रिकामी करून ठेवा. उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेला जात असेल, तर आधी दक्षिणेच्या ओळी येतात आणि चित्र उलटे दिसते. ते फिरवण्याचा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये आहे.

उपग्रह कधी येणार हे जीप्रेडिक्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कळते, पण त्यातली कक्षेची माहिती दर आठवड्याला ताजी करावी आणि लॅपटॉपचे घड्याळ बरोबर आहे ना, तेही पाहावे. उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जातो. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत त्याला फार तर पंधरा मिनिटे लागतात. घड्याळ पाच मिनिटे मागे असेल, तर एक तृतीयांश चित्र हातचे गेले.

ह्यूस्टनकर

मी गेली काही वर्षे अमेरिकेत आहे. इथे बहुतेक हौशी लोक फिरत्या उपग्रहांऐवजी गोज-१९ या भूस्थिर उपग्रहाकडे वळले आहेत. त्याने एप्रिल २०२५ मध्ये गोज-१६ ची जागा घेतली. माझ्या अंगणात वाय-फायची जाळीदार डिश आग्नेयेकडे तोंड करून कायमची बसवलेली आहे, ती १६९४.१ मेगाहर्ट्झवर ऐकते आणि रात्रंदिवस चित्रे साठवत राहते. वेळा पाहाव्या लागत नाहीत, धावत गच्चीवर जावे लागत नाही. गोज भारतातून दिसत नाही, पण तिकडच्या आकाशात अशी सोय असेल, तर शाळेसाठी तीच अधिक सुटसुटीत ठरेल. शाळेची वेळ आणि उपग्रहाची वेळ जुळण्याची वाट का पाहावी?

पूर्वक्षितिज

ह्यूस्टनकर, तशी सोय आहे. दक्षिण कोरियाचा जीके-२ए हा उपग्रह १२८.२ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि नाशिकहून तो पूर्वेच्या किंचित दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे २५ अंशांवर येतो. १६९२.१४ मेगाहर्ट्झवर तो दर दहा मिनिटांनी संपूर्ण पृथ्वीगोलाचे अवरक्त चित्र पाठवतो. मी तो दोन उन्हाळे घेतो आहे, म्हणून त्याचे गुण आणि अडचणी दोन्ही सांगतो.

गुण असा की, एकदा डिश नेमकी बसली की मग ती हलवावी लागत नाही, आणि एका दिवसाच्या चित्रांची माळ केली की बंगालच्या उपसागरावरचे ढग सकाळी कसे उगवतात, दुपारी कसे फुगतात आणि रात्री कसे विरतात ते डोळ्यांदेखत दिसते. फिरत्या उपग्रहाच्या एका चित्रात हे कधीच दिसणार नाही.

अडचण अशी की, भारत त्या गोलाच्या अगदी डाव्या कडेला येतो. नारळ बाजूने पाहावा तसा महाराष्ट्र तिथे दबलेला आणि अरुंद दिसतो. इथे फिल्टरसह एलएनए अनिवार्य आहे, आणि इतक्या वरच्या वारंवारतेवर डोंगल तापते. एप्रिलच्या दुपारी माझे डोंगल वीस मिनिटांत बंद पडे. मग मी त्याच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी लावली आणि ते सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात ठेवले, तेव्हा कुठे संध्याकाळपर्यंत तग धरू लागले.

तांब्याची_तार

दोन्ही मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तरी शाळेसाठी मी डिशने सुरुवात करायला विरोध करीन. बसवलेली डिश हे मुलांच्या दृष्टीने आणखी एक यंत्र होते, शिक्षकांनी आणलेले आणि आपोआप चालणारे. मेटिओरच्या वेळी मात्र मुले स्वतः कापलेल्या सळया घेऊन गच्चीवर उभी असतात, कोणी घड्याळ पाहतो, कोणी होकायंत्र धरतो, आणि मग कोणालाही न दिसणारी एक वस्तू ठरलेल्या मिनिटाला खरोखर येते. आमच्या गावच्या शाळेत हा प्रयोग केला, तेव्हा पट्टा उमटताच एक मुलगा लॅपटॉप सोडून आकाशात पाहू लागला. भर उन्हात तिथे काही दिसणार नव्हते, हे त्यालाही ठाऊक होते.

आणि ह्यूस्टनकर यांच्या प्रश्नाचे उत्तर: वेळ जुळेल. आपल्या अक्षांशांवर एक उपग्रह उजेडात एक-दोनदा आणि अंधारात एक-दोनदा वापरण्याजोगा येतो, आणि इथे दोन उपग्रह आहेत.

पूर्वक्षितिज

हे मान्य. पहिल्या वर्षी मेटिओर घ्यावा. डिशसाठी ताईंना दुसऱ्या वर्षी मदत लागली, तर मी नाशिकहून येईन.

पालक_मंडळ

शाळेच्या गच्चीवर अँटेना पाहून गावात चर्चा होते, असा आमच्याकडचा अनुभव आहे. याला परवाना लागतो का?

व्हीयू३_कोल्हापूर

हौशी रेडिओचा परवाना लागतो तो प्रक्षेपण करण्यासाठी; मी तो परीक्षा देऊन घेतला आहे. आरटीएल-एसडीआर डोंगल प्रक्षेपण करूच शकत नाही, ते फक्त ऐकते. हवामान उपग्रहांचा हा संकेत सर्वांनी घ्यावा म्हणूनच खुला सोडलेला असतो. मात्र त्याच डोंगलवर इतरही अनेक गोष्टी ऐकू येऊ शकतात, आणि त्या आपल्यासाठी नसतात. शाळेत फक्त उपग्रहाचीच वारंवारता लावावी आणि मुख्याध्यापकांना व ग्रामपंचायतीला आधी बोलावून एक चित्र उतरवून दाखवावे. आमच्या गावात सरपंचांनी पहिले चित्र पाहून विचारले होते की, यात आमचा तलाव कुठे आहे. त्यानंतर कोणी शंका घेतली नाही.

फळा_आणि_खडू

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण सांगण्यासारखे काही झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

व्ही-डायपोल मुलांनी बनवली. सळया गावातल्या खिडक्या बनवणाऱ्या कारागिराने उरलेल्या तुकड्यांतून दिल्या. पहिले दोन प्रयत्न फसले. कक्षेची माहिती जुनी होती आणि आमच्या लॅपटॉपचे घड्याळ चार मिनिटे मागे होते. तिसऱ्या दिवशी उजेडातच एन२-४ जवळजवळ डोक्यावरून जाणार होता. चाकणचा_अभियंता यांनी लिहिला होता तसा पट्टा आधी धूसर, मग ठळक झाला आणि चित्राच्या ओळी येऊ लागल्या.

आपल्याकडे आभाळ निरभ्र होते. कच्छचे रण पांढरे दिसले, उजनीचा काळा डाग मुलांनी आपण होऊन शोधला. गंगेच्या खोऱ्यावर गुळगुळीत पांढरी पट्टी पसरलेली होती. ते डिसेंबरचे धुके आहे हे इन्सॅटच्या त्याच वेळच्या चित्राशी ताडून पाहिले. सरळ_प्रश्न, तुमच्यामुळे हे सुचले, म्हणून तुमचे वेगळे आभार. हिमालयावर पांढरे दिसले तेव्हा ढग की बर्फ यावर वाद झाला. नववीतली एक मुलगी म्हणाली की, हे पांढरे पिंपळाच्या जाळीदार पानासारखे आहे, मधून मधून काळ्या शिरा आहेत, आणि ढगाला शिरा नसतात. त्या शिरा म्हणजे बर्फ नसलेल्या खोल दऱ्या होत्या.

एक अडचण उरली आहे. दक्षिणेला श्रीलंका अर्धीच येते आणि त्याखाली सर्व काळे आहे. तीन दिवस नेमके तिथेच चित्र तुटते. बाळेश्वराची रांग आड येत असावी का? तसे असेल तर इलाज नाही.

दक्षिणोत्तर

ताई, अभिनंदन. पण डोंगरावर आळ घेऊ नका. उपग्रह सुमारे ८२० किलोमीटर उंचीवर असतो, तो श्रीलंकेच्या माथ्यावर असताना संगमनेरहून दक्षिण आकाशात २५ अंशांच्या आसपास दिसायला हवा. दूरची डोंगररांग इतकी उंच भरत नाही. एवढ्या कोनात आड येणारी वस्तू गच्चीवरच, अँटेनापासून काही पावलांवर असली पाहिजे. कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून ओळंबा करा, अँटेनापाशी उभे राहून दक्षिणेकडच्या प्रत्येक वस्तूच्या वरच्या कडेचा कोन मोजा.

फळा_आणि_खडू

मोजला. बाळेश्वर सहा अंश. पाण्याची पत्र्याची टाकी सत्तावीस अंश. तिच्याकडे मी रोज पाहत होते आणि ती मला दिसत नव्हती. मुलांनी अँटेना सहा मीटर उत्तरेला, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथून टाकी चौदा अंशांवर येते. आज श्रीलंका पूर्ण आली आहे, आणि तिच्या खालच्या समुद्रावर ढगांची लांब रांग आहे.